नामाची बाटली

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. मुरुडात कोणालाही विचारा, बाबाजी कंपाउंडर कोण? "तो खेकसणारा ना?" असंच म्हणतील. संस्थान विलीन झालं त्याच्या पुढल्या वर्षी पोतनीस डॉक्टरांनी बाजारात दवाखाना टाकला आणि मी त्यांच्या औषधाच्या खिडकीमागे उभा राहिलो. डॉक्टर बदलले, मी अजून तिथंच उभा आहे. लोक मिक्श्चरसाठी बाटल्या घरून आणायचे. कोणाच्या बाटलीला घासलेटाचा वास, कोणाच्या बाटलीत तळाला मेलेली मुंगी. मग खेकसू नको तर काय आरती ओवाळू?

पण एका बाटलीच्या वेळी मी नेमकं काय बोललो, काय नाही, हेच मला आठ वर्षं आठवत नव्हतं. त्या बाटलीनं माझा जीव खाल्ला. मनात एकदा वाटायचं सांगितलं असणार, लगेच वाटायचं छे, नाही सांगितलं. सकाळी एक वाटायचं, जेवायला बसलो की दुसरं. बायको म्हणायची, "तोंडात घास धरून काय बसता?" तिला काय सांगणार, कपाळ?

ती बाटली एकदऱ्याच्या नामाची.

एकदरा म्हणजे खाडीपलीकडे. होडीत बसायचं, उतरलं की मुरूड. नामा तिथला कोळी, स्वतःच्या बोटीचा तांडेल. अंगानं दणकट, पण बोलायला असा मुखदुर्बळ की दहा शब्दांचं काम दोन शब्दांत उरकायचा आणि त्यातला एक "व्हय" असायचा. त्याची बायको ठमी, बोर्लीची. ती मुरुडाच्या बाजारात मासळी विकायला बसायची. नवऱ्यानं शिल्लक टाकलेले सगळे शब्द तीच वापरायची. तिच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती, माझीसुद्धा. एकदा मी म्हटलं, "सुरमई ताजी आहे ना?" तर म्हणाली, "तुमच्या मिक्शरापरीस ताजी हाय." घ्या!

या नामाची एक खोड होती. ठमीची मासळीची टोपली तो स्वतः उचलून तिच्या डोक्यावर ठेवायचा. कोळ्यांत असं कोणी करत नाही. बायका एकमेकींना हात देतात, पुरुष किनाऱ्यावर विडी ओढत बसतात. लोक हसायचे. नामा टोपली ठेवायचा, चुंबळ नीट बसली का बघायचा आणि गप्प आपल्या जाळ्याकडे जायचा.

लग्नाला नऊ वर्षं झाली, पोर नाही. नामाची आई सोनूबाई आधी देवाला नवस बोलली, मग भगताकडे गेली, मग ठमीला बोलायला लागली. आणि सत्तावन्न साली तिनं ठरवून टाकलं की दुसरी करायची. राजपुरीची राही नावाची मुलगी बघून आली, शब्दसुद्धा देऊन आली. होळी झाली की हळद. दुसरं लग्न करायला बंदीचा कायदा आला होता, पण कायदा मुंबईत आणि सोनूबाई एकदऱ्यात. दुसरी आली की ठमीनं तिचं करत राहायचं, नाहीतर बोर्लीला बापाकडे जायचं. वांझ म्हणून परत आलेल्या बाईचं माहेरात काय होतं ते मी सांगायला नको.

होळीला महिना राहिला तेव्हा एक दिवस नामा ठमीला घेऊन दवाखान्यात आला. बाकावर पंधरा-वीस माणसं. डॉक्टरांनी आत बोलावून विचारपूस केली आणि म्हणाले, "बाई, तू बाहेर बस. आधी नवऱ्याला तपासतो."

ठमी बाहेर आली ती डोळे वटारून. "बाबाजीभाऊ, तुमचा डॉक्टर येडा झालाय काय? पोर म्यां काढायचं आन् तपासतोय त्याला!"

पोतनीस डॉक्टरांचं हे खूळ मला माहीत होतं. ते म्हणायचे, "मूल होत नाही म्हणून बायका अंगारे खातात, उपास करतात, लाथा खातात, आणि पुरुषाला कोणी साधं विचारत नाही की बाबा, तू ठीक आहेस का? पुरुषाची तपासणी सोपी असते, तीच आधी करायची." डॉक्टर खरं बोलायचे, पण पुस्तकी बोलायचे. म्हणून पुरुष रोगी असला की मला पडद्याआड बोलवायचे, मराठीचं मराठी करायला.

त्या दिवशीही बोलावलं. नामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा. डॉक्टरांनी विचारलं, "वयात येताना गालगुंडं झाली होती का?"

"न्हाय."

"वृषणांना कधी इजा?"

नामा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "अरे, गोट्यांना मार लागला होता का?"

"न्हाय."

मग विचारलं, मोठा ताप, कुठला गुप्तरोग, दारू किती, समुद्रावर किती दिवस जातोस, घरी आलास की बायकोबरोबर सगळं नीट होतं ना. शेवटच्या प्रश्नाला नामाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि तो "व्हय" म्हणाला. डॉक्टरांनी त्याला आडवा घालून तपासलं, मग उभा करून खोकायला लावून तपासलं. हात धुताना मला म्हणाले, "सगळं जागच्या जागी आहे. पाणी भरलेलं नाही, शिरा फुगलेल्या नाहीत, आकार चांगला. याला म्हणावं, तो रुमाल कमरेला इतका आवळू नकोस, तिथं उष्णता बरी नव्हे. आता धातू तपासायचा. बाटली दे आणि कसं आणायचं ते समजावून सांग."

झालं. समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि तिथंच सगळा घोळ आहे.

खिडकीपुढे गर्दी. हिवतापाचे दिवस, एक म्हातारी गोळ्या मोजून घेतेय आणि पुन्हा मोजतेय. मी रुंद तोंडाची बाटली उकळून, वाळवून ठेवली होती ती काढली आणि नामाला बाजूला घेऊन सांगितलं. चार दिवस बायकोपासून लांब राहा. पाचव्या दिवशी सकाळी घरीच बाटलीत घे. बूच घट्ट लाव. तासाच्या आत इथं आण, बिघडू देऊ नकोस. इथपर्यंत मला आठवतं. पुढं तो काहीतरी विचारत राहिला, म्हातारी कोकलत राहिली, आणि मी त्याच्यावर काहीतरी ओरडलो. काय ओरडलो? राम जाणे. मी दिवसाला पन्नास जणांवर ओरडतो, कोणाकोणाचं ध्यानात ठेवू?

पाचव्या दिवशी नामा सकाळी आला. फडक्यात गुंडाळलेली बाटली खिडकीतून पुढं केली. फडकं ओलं. मी म्हटलं, होडीत पाणी उडालं असेल. बाटलीला बाहेरून लाकडाचा भुसा चिकटला होता. तो मी सदऱ्याच्या बाहीनं पुसला आणि डॉक्टरांना नेऊन दिली. पुसला! हातानं पुसला मी तो भुसा आणि डोक्यात काही म्हणून आलं नाही.

डॉक्टरांकडे पितळी मायक्रोस्कोप होता. त्यांनी काचेवर थेंब घेतला, वाकून बघितलं, काच बदलली, पुन्हा बघितलं. मग मान वर केली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चोरी केलीय.

"बाबाजी, बीज भरपूर आहे. रूपही चांगलं आहे. पण एकही हलत नाही, सगळे निपचित. बाटली कशानं धुतलीस? सोडा राहिला होता का आत?"

"उकळली होती हो मी!"

"मग मला काही कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "इतकं चांगलं बीज आणि हालचाल शून्य. असं सहसा होत नाही."

डॉक्टरांना कळेना, तिथं मला काय कळणार? मी त्या बाटलीचा वास घेतला, उजेडात धरून बघितली. सोडा राहिला होता का? उकळताना पातेल्यात आधी काय होतं? आदल्या दिवशी त्यात सिरिंज उकळली होती. का त्याआधी? डोक्याचं नुसतं भजं झालं.

डॉक्टरांनी नामाला आत घेतला आणि मायक्रोस्कोपात बघायला सांगितलं. नामा वाकला. इतका वेळ वाकून राहिला की मला वाटलं याला काही दिसतच नाहीये.

"हे एवढं सारं माजं?" त्यानं विचारलं.

"तुझंच. संख्या उत्तम आहे. पण यातले जिवंत हलायला हवे होते."

"समदी मेल्यात?"

"आज तरी तसं दिसतंय. पण हे बघ, एका तपासणीवर मी शिक्का मारणार नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा आण. मग बायकोलाही मोठ्या दवाखान्यात तपासून घेऊ."

"आज काय निघालं त्ये सांगा."

"आजचं वाईट निघालं."

"म्हंजी खोट माज्यात."

"आजच्यापुरतं तसं म्हणावं लागेल, पण..."

"बास," नामा म्हणाला. आणि पायात वहाणा सरकवून निघालासुद्धा. मी खिडकीतून हाक मारली, "अरे गाढवा, दुसरी बाटली घेऊन जा!" त्यानं मागं वळून बघितलं नाही.

त्याच दिवशी पंचायतीचे चार जण बंदरावर बसले होते, त्यांच्यापुढं उभं राहून या मुखदुर्बळ माणसानं जन्मातलं सगळ्यात मोठं भाषण केलं. "दवाखान्यात काचेत बघितलं. खोट माजी हाय. ठमीची न्हाय. दुसरी आनून तिचा जलम नासवू नका." एवढंच. राजपुरीकरांनी दुसऱ्या दिवशी शब्द परत घेतला. ते तरी काय करणार, कोण आपली पोर असल्या घरात देतो? सोनूबाई चार दिवस जेवली नाही. पाचव्या दिवशी दवाखान्यात येऊन तिनं माझ्या नावानं बोटं मोडली. मी काय केलं होतं? बाटली दिली होती, बये!

पण गोष्ट इथं सरळ झाली असती तर ती गोष्ट कसली. ठमीचा बाप तुकाराम, तो बोर्लीहून दोन पंच घेऊन आला. त्यांच्यात रीत आहे, नवऱ्यात खोट असेल तर काडीमोड घेता येतो आणि बाईचा दुसरीकडे पाट लावता येतो. बाप म्हणाला, "चल. तुजं वय हाय अजून. पोरंबाळं व्हतील." मी तेव्हा एकदऱ्यातच होतो, एकाला इंजेक्शन द्यायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. नामा ओटीवर जाळं विणत बसलेला. मान वर केली नाही, पण हात थांबलेला मला दिसला.

ठमी मासळी कापत होती. ती मोरीवरून उठली ती हातात कोयता घेऊनच.

"आबा, काल खोट माज्यात वाटत व्हती, तवा ह्यो मना टाकीत नव्हता. आईशी भांडत व्हता. आज खोट ह्याच्यात निघाली तर मी टाकू? असली मासळी तुमच्या बोरलीत इकतात काय? चला, च्या पिऊन घ्या न् जावा."

बाप चहा न पिताच गेला. नामानं पुन्हा सुई चालवायला घेतली. मी होडीत बसलो तेव्हा माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर नामाचं जगणं काही सुखाचं नव्हतं. बंदरावर त्याला "सुका नामा" म्हणायला लागले. सुका म्हणजे खारवलेला, वाळवलेला, कळलं ना? लग्नात हळद दळायला, पोराच्या बारशाला त्याला कोणी पुढं बोलवेना. होळीच्या दिवसांत तर त्याच्या नावानं बोंबा मारायचे आणि हा आपला शेजारी उभा राहून ऐकायचा. जिभेला हाड नसतं. पण ठमीच्या देखत बोलायची कोणाची छाती नव्हती. एकदा दादू खलाशी चेष्टेत काही बोलला तर तिनं भरबाजारात त्याच्या थोबाडावर ओला बोंबील मारला. "माज्या नवऱ्याला बोलतोस? तुज्या सा पोरांची शेंबडं पूस आधी!"

आणि तिकडं मी? मी दोघांना बघून समाधान मानत होतो की चला, आपल्या बाटलीनं एका बाईचा संसार वाचवला. असं मानत होतो नारळी पुनवेपर्यंत.

नारळी पुनव झाली, बोटी पाण्यात गेल्या, आणि एक दिवस मी बंदरावर पापलेट घ्यायला गेलो. मुंबईहून लाँचीतून बर्फ यायचा. तो वितळू नये म्हणून कोळी लाकडाच्या भुशात पुरून ठेवायचे. नामाच्या बोटीवरच्या खलाशानं पेटीतून पापलेट काढलं, त्याला ओला भुसा चिकटलेला. ठमीनं तो हातानं पुसला आणि मासळी माझ्यापुढं धरली.

मी तिथंच थंडगार पडलो. बाटलीला चिकटलेला भुसा! ओलं फडकं! मी म्हटलं होतं, बिघडू देऊ नकोस. आणि कोळ्याला बिघडू देऊ नकोस म्हटलं तर तो काय करणार? बर्फातच घालणार! त्याची रोजची मासळी बर्फानंच टिकते. अरे पण मासळी मेलेली असते, हे बीज जिवंत हवं होतं! बाटली कमरेला बांधून अंगाच्या उबेत आणायची असते, हे मी त्याला सांगितलं का? सांगितलं असणार. रोज सांगतो. पण त्या दिवशी? म्हातारी कोकलत होती. मी सांगितलं? की नाही सांगितलं?

पापलेट तिथंच टाकून मी डॉक्टरांकडे पळालो. ते म्हणाले, "बर्फात? मग ती तपासणी रद्दी आहे, बाबाजी. बर्फानं कोणाचंही बीज निपचित पडेल. जा, त्याला बोलावून आण. पुन्हा तपासू. मला तेव्हाच पटलं नव्हतं."

मी गेलो बोलवायला. नामा समुद्रावर होता. सोनूबाई अंगणात ठमीच्या केसांना तेल लावत होती. सोनूबाई! जी सहा महिन्यांमागं तिला घराबाहेर काढणार होती ती. ठमी म्हणाली, "बाबाजीभाऊ, आता आई बोलत न्हायत. देवानं येक घेतलं, येक दिलं." मला चहा दिला, वर उकडलेली कोळंबी दिली.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? नामाला सांगावं, तर तो पुन्हा तपासून घेणार. चांगलं निघालं तर त्याच्या कपाळावरचा सुका नामा पुसला जाणार. पण मग खोट कोणाच्यात ठरणार? ठमीच्या. सोनूबाईच्या हातात तेलाची वाटी होती, तिथं पुन्हा राजपुरीची सोयरीक येणार. सांगू नये, तर एका धडधाकट पुरुषाला गाव जन्मभर हिणवणार, माझ्या चुकीनं. आणि पुन्हा तपासून वाईटच निघालं तर? तेही होऊ शकत होतं. मग नुसता जखमेवर मीठ चोळल्यासारखा प्रकार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी कोळंबी खात बसलेलो.

मी परत आलो आणि डॉक्टरांना खोटं सांगितलं. "नामा यायला तयार नाही." डॉक्टर खूप बोलले मला, अर्धवट निदानासारखं पाप नाही म्हणाले. मी पहिल्यांदा उलट बोललो नाही. साठ साली ते दवाखाना दुसऱ्या डॉक्टरांना देऊन मुलाकडे मुंबईला गेले. जाताना मायक्रोस्कोपही घेऊन गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाशी म्हणत राहिलो. पण मूठ माझी नव्हती ना, नामाची होती. नामा रस्त्यात दिसला की मी गल्ली बदलायचो.

मग पासष्ट साल. श्रावणात बोटी किनाऱ्याला असताना डोलकाठी दुरुस्त करताना नामाच्या तळहातात लोखंडी गळ घुसला. नव्या डॉक्टरांनी टाके घातले आणि ते जेवायला घरी गेले. पट्टी बांधायला आम्ही दोघंच. नामाचे केस पिकायला लागले होते. मी पट्टीचा एक वेढा दिला, दुसरा दिला, आणि एकदम तोंडातून निघालंच.

"नामा, माझ्या हातून पाप झालंय. तुझी ती तपासणी खोटी होती. तू बाटली बर्फात आणलीस ना? बर्फानं सगळं मेलं. अंगाशी धरून आण असं मी तुला सांगायला हवं होतं, ते मी विसरलो. तुझ्यात काही खोट नसेलही. आठ वर्षं माझ्यामुळं तू लोकांचं ऐकून घेतलंस."

नामा पट्टीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता उठून हा दुसऱ्या हातानं माझं थोबाड फोडणार. फोडलं असतं तर बरं वाटलं असतं.

"तुमी सांगितलं व्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"कमरंला बांधून आन, अंगाची ऊब लागू दे. दोनदा सांगितलं. मग म्यां इचारलं, गार झालं तर? तर तुमी वरडलात, 'गार झालं तर मरतील सगळे, तुझ्यासकट!' "

मी पट्टी हातात धरून तसाच राहिलो. 'तुझ्यासकट'. हे माझंच बोलणं. दुसऱ्या कोणाच्या तोंडचं नव्हे. म्हातारी, गोळ्या, ती गर्दी, सगळं मला एकदम आठवलं. मी सांगितलं होतं. आणि यानं ऐकलं होतं.

"मग ऐकूनसवरून बर्फात घातलीस?"

"व्हय."

"अरे पण का?"

 मग त्यानं सांगितलं, आणि एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नाही. "डॉक्टरनं हात लावून बघितलं, आन् सारं चांगलं हाय म्हनला. म्यां म्हनलं, मेलो. आता काचेत बी चांगलं निघनार. आई घरी वाटच बघत व्हती. माजं चांगलं निघालं की त्याच दिशी ठमीला बोरलीला धाडनार. मंग म्यां घातली बर्फात. पन भाऊ, त्या काचेत बघितलं तवा लई वाईट वाटलं. येवढी व्हती. जाळं भरून. आन् म्यांच मारली."

 मला रडायला येत होतं आणि रागही येत होता. कोणाचा राग ते कळत नव्हतं. आठ वर्षं मी ज्याच्यासाठी झुरलो, त्यानं हे सगळं जाणूनबुजून स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, आणि मला साधं कळू दिलं नव्हतं!

"ठमीला माहीत आहे?"

"न्हाय. आन् तुमी सांगू नका." त्यानं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "तिचा बाप न्यायला आला तवा ती ऱ्हायली. माज्यात खोट हाय असं धरून ऱ्हायली. लोकांशी भांडली, मारामारी केली. तिला वाटतंय तिनं मना सांभाळलं. ह्ये कळलं तर ती पुना सोताला वांझ म्हनंल. तिचं तेवढं ऱ्हाऊ द्या तिच्यापाशी."

मी पट्टीची गाठ मारली. नामा बाहेर पडला, मी त्याच्यामागं दारापर्यंत गेलो. पायरीजवळ ठमी सुक्या मासळीची टोपली घेऊन त्याची वाट बघत उभी होती. नामा सवयीनं वाकला आणि एका हातानं टोपली उचलायला लागला.

"ठिव ती खाली!" ठमी ओरडली. "हाताला टाके हायत न् टोपली उचलतोय!" तिनं स्वतःच टोपली डोक्यावर घेतली, चुंबळ सारखी केली आणि माझ्याकडे वळली. "बघा भाऊ, येका दिसाची अक्कल न्हाय ह्याला. मी नसते तर ह्याचं काय झालं असतं?"

नामा तिच्यामागं उभा राहून माझ्याकडे बघत होता.

मी, ज्यानं उभ्या मुरुडावर तोंड टाकलंय, मला एकच शब्द सुचला.

"व्हय," मी म्हटलं.